म्यान पिस्तुलाचं, माप सोऱ्याचं

मैत्रिणींनो, उद्या गोकुळाष्टमी. सकाळी चकलीचा सोऱ्या शोधला, तर तो गच्चीवर ओल्या चामड्यात वाळत होता!

आमच्या ह्यांना चामड्याच्या वस्तू शिवायचा छंद लागलाय. शेजारच्या इन्स्पेक्टरांच्या पिस्तुलाला दोन सुयांनी म्यान शिवलं. पिस्तूल घरात आणायचं नाही, हा नियम माझाच. मग आकार यावा म्हणून ओल्या म्यानात सोऱ्या कोंबला.

"अहो, नैवेद्याचा सोऱ्या! त्याला चामडं?"

"देवापुढे मृदंग वाजतो, तो काय पितळेचा?"

मी चिंच भिजत घातली.

संध्याकाळी इन्स्पेक्टर दाराबाहेर आले. पिस्तूल म्यानात शिरेचना. "मामी, ह्यात चकल्याच ठेवा!" म्हणाले.

सोऱ्या चिंचेनं तीनदा घासलाय. आता नैवेद्याला चालेल ना? आणि ह्यांच्या मृदंगाच्या प्रश्नाला उत्तर कुणाला सुचलं, तर मी सोवळं नेसायच्या आत कळवा.