माझ्या पुढे चालणारा

२०२३ साल, मी बहात्तर वर्षांचा. पारोळ्याहून लेकाकडे मुंबईला गेलो होतो. बोरिवलीच्या जंगलातला डोंगर चढायला निघालो तर सून म्हणाली, "आबा, तुमले जमाव नही." मग कोणाचा हात न धरता माथा गाठायचाच, असं ठरवलं.

वाटेत एक चष्मेवाला पुढे चालत होता. मला धाप लागली की तो नेमका वाकून बुटाची नाडी बांधायचा. त्याच्यासाठी म्हणून मीही थांबायचो. माथ्यावर शेजारी बसलो तेव्हा दिसलं, त्याच्या बुटांना नाडीच नव्हती.

तो हसून म्हणाला, "बाबा, दम मलाच लागत होता."

"लागू द्या," म्हटलं, "हात तर मी धरला नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेला त्याच वाटेनं नेलं. चढावर ती धापा टाकू लागली, तेव्हा मी टोपी काढून झटकत उभा राहिलो.