तुम्ही कोण बाई?

पेंटरला आमच्या भागात नावाने कुणी हाक मारलीच नाही. दुकानांच्या पाट्या, डॉक्टरांच्या वेळा, 'येथे थुंकू नये', सगळं त्याच्या हातचं. अक्षर असं, की वाचता न येणारासुद्धा थांबून बघायचा. आमच्या संपाच्या घोषणा भिंतींवर त्यानेच रंगवल्या, फुकट. त्यापायी पोलिसांनी त्याला भर दुपारी डबा-ब्रशसकट उचललं आणि कोठडीत असा कुटला, की उजव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी झाली. पेंटर डावखुरा. बाहेर आल्यावर म्हणाला, "साहेबांचा अभ्यास कच्चा. ब्रश कुठल्या हातात असतो तेवढंही विचारलं नाही."

असा मस्कऱ्या माणूस. नात बोलायला लागली तेव्हापासून दोघांचा एक खेळ होता. ती दारात आली की हा कपाळाला आठ्या घालून विचारायचा, "तुम्ही कोण बाई?" मग ती कधी डॉक्टरीण, कधी राणी, कधी घरमालकीण. "घरमालकीण? मेलो!" म्हणत हा खाटेमागे लपायचा.

दोन वर्षांपूर्वी तो खरंच विसरायला लागला. ब्रश चहात बुडवला. सुनेला वहिनी म्हणू लागला. एकदा पोटच्या पोराला म्हणाला, "आपण कुणाकडे आलात?" डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, यातून बरं होणं नाही हेही सांगितलं. आणि मुलगा-सुनेने घरी येऊन सहा वर्षांच्या पोरीला काय सांगितलं? "आजोबा गंमत करतात गं."

मी त्याच्या मुलाला तेव्हाच बजावलं होतं, पोरीला खरं काय ते सांग. तर म्हणे, "ताई, लहान आहे ती, घाबरेल." तंतरली होती स्वतःची आणि नाव पोरीचं.

गेल्या महिन्यात पोरगी शाळेतून आली. आजोबा दारात उभे, शर्टाची बटणं वरखाली.

"तुम्ही कोण बाई?"

या वेळी त्याला खरंच माहीत नव्हतं. पोरीला कसं कळावं? तिने दप्तर टाकलं, कमरेवर हात ठेवले. "मी पोलीस! चला चौकीत!"

पेंटर अनवाणी पळत सुटला. ही टाळ्या पिटत मागे, आज आजोबा भलतेच रंगात आलेत म्हणून. मोठ्या रस्त्यापाशी ती थांबली. तो थांबला नाही. अडीच तासांनी गोदामामागे सापडला, भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात काखेत लपवून. टाचेत काच.

मी पोचले तेव्हा बापाने पोरीच्या कानाखाली आवाज काढला होता. "पोलीस म्हणालीस त्यांना? अक्कल आहे का?"

"तुम्हीच म्हणालात ते गंमत करतात!" पोरगी किंचाळली.

मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. "चोर सोडून संन्याशाला सुळी देतोस? दुसरी थप्पड स्वतःला मार."

पोरीला घेऊन मी बाहेर पायरीवर बसले. समोरच्या बंद दुकानाची पाटी पेंटरचीच. वरचा रंग उडून खालचं जुनं नाव दिसायला लागलेलं.

"आजोबांच्या डोक्यात असं झालंय," मी म्हटलं. "नवा रंग आधी उडतो."

"मी नवी आहे?"

"हो."

"मग मी उडाले?"

"हो. पण तू काही केलंस म्हणून नाही. तो आजार आहे."

"परत रंगवता येतं?"

"नाही."

ती रडली. मी रडू दिलं. मग नाक पुसत तिने विचारलं, "पोलीस जुने आहेत का?" मी तिला कोठडीचं सांगितलं, झेपेल तेवढं.

सून फणकारली, "एवढ्याशा जिवाला काय काय सांगता!"

"थप्पड खायला मोठी आहे ना, मग ऐकायलाही आहे."

आठवड्याने पुन्हा गेले. पेंटर खाटेवर, पायाला पट्टी, शेजारी पोरगी अभ्यास करत बसलेली. शेजारीण त्याच्या नाकासमोर बोट नाचवत होती. "काय पेंटर, ओळखलंत का? सांगा बघू मी कोण?"

"तुमचं नाव तुम्ही सांगा ना," पोरगी वहीतून मान वर न करता म्हणाली. "त्यांची परीक्षा कशाला घेता?"

शेजारीण तणतणत गेली. माझ्याही ओठांवर तिचाच प्रश्न होता. चाळीस वर्षांची ओळख. मला तरी ओळखेल, असा माज होता माझ्यात. तो गिळला. नाव सांगितलं. संप सांगितला, भिंती सांगितल्या. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. संपातला मार त्याच्याकडे राहिला होता. आम्ही कुणीच नव्हतो.

"बरं," तो अदबीने म्हणाला आणि सरकून मला जागा दिली. "पाटी किती फुटांची हवी?"