नसलेलं कापड दुकान

विद्यापीठात आम्हाला शिकवलं की माणूस उत्पन्न लपवतो. ते कायद्यात राहून कमी कसं दाखवायचं, यावर मी एम.कॉम.ला पानंच्या पानं लिहिली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. आईवडील ऊस तोडायला जायचे, मी वसतिगृहात राहायचो. हे सांगताना माझी मान खाली जात नाही, उलट ताठ होते. पण शिक्षण संपवून माजलगावात एका करसल्लागार सरांच्या ऑफिसात टेबल मिळवलं आणि पहिल्याच हंगामात कळलं, की ती पुस्तकं लिहिणारा आमच्या जिल्ह्यात कधी आलाच नव्हता. आमच्याकडं लोक नसलेलं उत्पन्न दाखवायला येतात.

कारण कर्ज. ट्रॅक्टर घ्या, प्लॉट घ्या, बँक आधी रिटर्न मागते. सर पाणी विचारायच्या आधी विचारायचे, "कशाचं दुकान दाखवू?" समोरचा डोकं खाजवायचा. मग सरच म्हणायचे, "कापडाचं टाकू. कापड नासत न्हाई." माजलगाव ते धारूर सरांनी इतकी कापड दुकानं उघडली होती, की ती खरी असती तर सुरतेचे व्यापारी आमच्याकडं माल भरायला आले असते.

मला ते जमेना. मी बाहेर पडलो, धान्याच्या मोंढ्याजवळ एक शटर भाड्यानं घेतलं आणि 'कर सल्लागार' असा बोर्ड लावला. वडील म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघ. न्हाई चाललं तर गुमान सरांच्या टेबलावर जाऊन बसायचं." सर तर सगळ्यांना सांगतच होते, "येतंय परत. भूक लागली की येतंय."

माझा पहिला पक्षकार म्हणजे माझे चुलते. ऊसतोडीच्या टोळीचे मुकादम. कारखाने सुरू व्हायच्या आत त्यांना ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या पाहिजे होत्या. खुर्चीत बसले, पंखा माझ्याकडून स्वतःकडं वळवला.

"वकीलसाहेब, मोठं रिटर्न भरा आपलं."

आमच्याकडं कागदावर शिक्का मारणारा प्रत्येक जण वकील असतो. मी म्हणालो, "काका, मुकादमकीचं जे मिळतं ते सांगा. तेवढं भरू."

"तेवढ्यात कोण ट्रॅक्टर देतंय? दुकान टाक की एखादं."

"दुकान कुठाय आपलं?"

"अरे, कागदावर टाक म्हणतोय, जागेवर बांध न्हाई म्हणत."

मी नाही म्हणालो. काका उठले. दारात थांबून म्हणाले, "लई शिकलास लेका. एक दुकान लिहिता येईना!" तिथून सरळ सरांकडं गेले. सरांनी दुकान तर उघडलंच, वर थोडा टॅक्सही भरायला लावला. "टॅक्स भरला की बँकेत वजन पडतं," हा त्यांचा ठरलेला मंत्र. आठ-पंधरा दिवसांत ट्रॅक्टर गावात आला. गुलाल उधळला, पेढे वाटले. मला पेढा देताना काका म्हणाले, "खा. तुझ्या नियमाचा न्हाई, पण गोड हाय."

गाव हसलं. वडील कुणाच्या ओट्यावर बसेनात. माझ्याकडं माणूस फिरकेना आणि दिवाळी जवळ येत चालली.

मग एका सकाळी शटरसमोर तोच ट्रॅक्टर उभा राहिला. आधी चुलती उतरली, मागून काका. बायकांच्या खात्यात सरकार दर महिन्याला पैसे टाकतं, ते तिचे बंद झाले होते. तहसीलात कळलं होतं, की तुमच्या घरात माणूस इन्कम टॅक्स भरतो. काका बँकेत मोठे झाले, त्याच टॅक्सनं चुलती यादीतून बाहेर पडली.

"आपलं कापडाचं दुकान हाय म्हणं!" चुलती मला म्हणाली, पण बाजूच्या चहावाल्यालाही ऐकू जाईल असं. "लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी एक ब्लाऊजपीस आलं का त्या दुकानातून?"

काका जमिनीकडं बघत म्हणाले, "आता दुकान मोडून टाक लेका. दुरुस्ती होती म्हणं रिटर्नमधी."

"होते. अजून मुदत आहे. दुकान नव्हतंच, असं खरं लिहून देऊ. पण बँकेनं विचारलं तर तेच बाहेर येईल."

"बँकेला जुनं दाखवू, तहसीलला नवं."

"माणूस एक, पॅन एक, काका. बँकेत सावकार आणि तहसीलात गरीब, असं मला लिहिता येत नाही."

"सर लिहित्याल."

"जावा की मग," चुलती म्हणाली. "त्यांनी आता चपलाचं दुकान टाकलं तर मी त्यातलीच चप्पल घीन हातात."

काका बाहेर जाऊन ट्रॅक्टरच्या बॉनेटवरून हात फिरवून आले. शेवटी खालच्या आवाजात म्हणाले, "खरं लिही." मग हिशेबाला बसलो. आमच्या जिल्ह्यात इतकं खरं उत्पन्न एखाद्याच्या तोंडून काढणं दात काढण्यापेक्षा अवघड. प्रत्येक आकड्याला काका आधी तिच्याकडं बघायचे. दुरुस्ती भरली. बँकेत त्यांनी स्वतः जाऊन काय ते बोलायचं, असं ठरलं. चुलतीला स्पष्ट सांगितलं, की तुझे पैसे पुन्हा चालू होतील का ते माझ्या हातात नाही.

काका उठले. "भावकीत फी घेत्यात का रं?"

"सरांना दिली का न्हाई?" चुलतीनं विचारलं आणि त्यांच्याच खिशात हात घालून माझी फी टेबलावर ठेवली.

ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. सांगायची गरजही पडली नाही. चुलतीनं पाणवठ्यापासून बाजारापर्यंत सांगितली. आठवडाभरात बायका नवऱ्यांना घेऊन यायला लागल्या. "आमच्याकडं कशाचं दुकान निघतंय, बघा बरं."

दिवाळी झाली. सरांच्या ऑफिसातलं माझं टेबल अजून रिकामंच आहे. माझ्याकडं आजही माणूस येतो, पंखा स्वतःकडं वळवतो आणि विचारतो, "साहेब, कशाचं दुकान दाखवायचं?" मी विचारतो, "तुमचं आहे कशाचं?" निम्मे तिथंच उठून जातात. उरलेल्या निम्म्यांवर माझं घर चालतं, आणि वडील पुन्हा ओट्यावर बसतात. तिथं ते मला वकीलच म्हणतात. मी दुरुस्त करत नाही.