बासष्ट टक्के लॅपटॉप

मुलगा बत्तीस वर्षांचा झाला, डोक्यावरचे केस विरळ व्हायला लागले, तरी आईच्या मनातली एक काळजी काही केल्या जात नव्हती. जगात कुठेही काही बिघडलं की ते आपल्यामुळेच, अशी त्याची पक्की समजूत होती. बसमध्ये कुणी त्याच्या पायावर पाय दिला तरी हाच आधी म्हणायचा, "माझंच चुकलं." धाकट्या बहिणीने त्याचं नाव 'माफीवाले' ठेवलं होतं. "दादा, उद्या सूर्य उशिरा उगवला तर कुणाची माफी मागशील?" ती विचारायची. तो नुसता हसायचा, आणि आता हसल्याबद्दलही माफी मागतो की काय, अशी आईला धास्ती वाटायची.

तो वजनकाटे बनवणाऱ्या कंपनीत दुरुस्तीच्या कामावर होता. दुकानांतले, गोदामांतले काटे खोटं बोलायला लागले की हा पितळी वजनांची पेटी आणि लॅपटॉप घेऊन जायचा आणि त्यांना खरं बोलायला लावायचा. काटा दुकानदाराने आपटलेला असायचा, बोलणी मात्र हा खाऊन यायचा.

त्या आठवड्यात कंपनीने सगळ्यांना नवे लॅपटॉप दिले. जुने गुरुवारी चारच्या आत जमा करायचे, मग ते पुसून कोरे होणार. गोची अशी की जुन्या काट्यांचा प्रोग्रॅम फक्त याच्याच जुन्या लॅपटॉपवर चालायचा. ज्याने तो लिहिला तो गृहस्थ कधीच निवृत्त होऊन बागकाम करत होता, आणि नवा लॅपटॉप त्या प्रोग्रॅमला दारातही उभं करत नव्हता. प्रोग्रॅम गेला तर याच्या भागातले दोनशे काटे भंगारात. यानेच साहेबांना सांगितलं, "मी करतो काहीतरी, जबाबदारी माझी." साहेब म्हणाले, "कर. पण चार म्हणजे चार."

गुरुवारी सकाळी आठला त्याने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला.

"म्हणजे नेमकं काय करणार तू?" आईने विचारलं.

"या अख्ख्या लॅपटॉपची एक फाइल करायची. ती नव्या लॅपटॉपवर ठेवली की त्यातल्या एका खिडकीत हा जसाच्या तसा चालू होतो. व्हर्च्युअल मशीन म्हणतात."

"आणि याला कळतं का, आपण दुसऱ्याच्या पोटात आहोत ते?"

"नाही. त्याला वाटतं, आपण आपल्याच घरी आहोत."

"तुझ्या आजीसारखं. बारा वर्षं माझ्या घरी राहिली, पण शेवटपर्यंत तिला वाटत होतं, घर तिचंच."

"आई."

"नावं ठेवत नाहीये. मला समजलं, एवढंच सांगितलं."

फाइल व्हायला सहा तास लागणार होते. तोवर त्याला एका गोदामात जायचं होतं. जाताना त्याने चिठ्ठी लिहून ठेवली: झाकण लावू नये, वायर काढू नये, हात लावू नये. बॅटरी दोन वर्षांपूर्वीच गेली होती. वीज गेली की लॅपटॉप आडवा. "सॉरी आई, तुला उगाच अडकवून ठेवतोय," म्हणत तो गेला.

आईने राखण केली ती डोळ्यांत तेल घालून. दर दहा मिनिटांनी जुना चष्मा लावून टक्के वाचले. धूळ दिसली तरी फडकं लांबच ठेवलं. पावणेबाराला बासष्ट टक्के झाले आणि चष्म्याच्या दुकानातून फोन आला, काडी बसवून तयार आहे. दुकान कोपऱ्यावर. तिने चिठ्ठी पुन्हा वाचली, एकेक सूचना मनात टिकमार्क करून पाहिली, गॅस दोनदा तपासला, आणि दाराशी येऊन तेवीस वर्षांच्या सवयीने विजेची मुख्य कळ खाली ओढली. फ्रीजची लाइन वेगळी, ती सोडून सगळं घर बंद.

सवा बाराला ती परतली. कळ वर केली, दुरुस्त झालेला चष्मा लावून टेबलाशी गेली. चष्मा उत्तम लागला होता. काळा पडदा अगदी स्वच्छ दिसत होता.

ती खुर्चीवर बसली. चिठ्ठीत कळीबद्दल एक अक्षर नव्हतं. तिने काहीच बोलायचं नाही ठरवलं, तर पुढचं सगळं तिला इथूनच ऐकू येत होतं: तो दोनला येणार, पडदा बघणार आणि म्हणणार, "माझंच चुकलं, वायर नीट बसवली नसेल." पुन्हा सहा तास मिळणार नाहीत. मग साहेबांपुढेही तेच, आणि दोनशे दुकानदारांपुढेही तेच.

लॅपटॉपच्या कडेला टेबलावरचा जुना डाग दिसत होता, इस्त्रीच्या आकाराचा. तो नऊ वर्षांचा असताना इस्त्री चालू राहिली होती. राहिली कसली, तिनेच ठेवली होती. वडील ओरडत आले तेव्हा पोरगा पुढे झाला, "माझंच चुकलं." आणि तिने ते त्याचंच चुकू दिलं. प्रायश्चित्त म्हणून घराबाहेर पडताना कळ ओढायचा नियम केला तेवढा. या घरात माफी मागायचं खातं त्या दिवसापासून त्याच्या एकट्याकडे गेलं ते गेलंच.

साहेबांनाच गळ घालावी, उद्यापर्यंत थांबा म्हणावं, असं एकदा मनात आलं. पण कॉलेजात तिने त्याच्या सरांना असाच फोन केला होता, आणि पोरं वर्षभर त्याला 'आईचा फोन' म्हणत होती. ते नको. साहेब एकपर्यंत जागेवर असतात, गोदामही ऑफिसच्या बाजूलाच. त्याने स्वतः जाऊन मुदत मागितली तर मिळेल, पण आत्ता कळलं तर.

तिने वाक्य जुळवून पाहिलं. "मी कळ ओढली. तुझं काही चुकलेलं नाही. इस्त्रीचंही नव्हतं." शेवटचं फोनवर सांगावं की घरी, हे ठरेना, पण घरी म्हटलं की तेवीस वर्षं जातात.

घड्याळात बारा वीस झाले होते. फोन उचलल्या उचलल्या तो म्हणणार, "सॉरी आई, गोदामातल्या आवाजात रिंग ऐकूच आली नाही." आज त्याला तेवढीही संधी द्यायची नाही, असं ठरवून तिने नंबर लावला.