वाकलेला रोटर आणि हिरवा दिवा

टर्बाइनचा वाकलेला दांडा मी एकदा स्क्रू ड्रायव्हरने सरळ केला. म्हणजे दांडा नव्हे हो, मीटरवरचा आकडा. वय सव्वीस, पदवी पहिल्या वर्गातली, आणि अक्कल अजून पोस्टात अडकलेली.

नाशिकजवळच्या एका औष्णिक वीज केंद्रात मी इन्स्ट्रुमेंटेशनला होते. प्रेशर, तापमान, कंपन मोजणारी सगळी मीटरं सांभाळायची, हे आमचं काम. प्लांटचा एक जुना रिवाज होता. काहीही बिघडलं की आधी मीटर खोटं ठरवायचं आणि आमच्या नावाने शंख करायचा.

त्या सकाळी युनिट ट्रिप झालं, म्हणजे आपोआप बंद पडलं. टर्बाइनचा दांडा, आम्ही त्याला रोटर म्हणतो, एस.टी.च्या लांबीचा आणि कित्येक टनांचा. चालू असताना मिनिटाला तीन हजार फेऱ्या घेतो. बंद झाल्यावर मात्र त्याला नुसतं पडू द्यायचं नसतं. खालची बाजू आधी थंड होते, वरची गरम राहते, आणि एवढं लोखंड वाकतं. म्हणून निखाऱ्यावरचं वांगं फिरवावं तसं एक छोटी मोटर त्याला सावकाश फिरवत ठेवते. तिला बॅरिंग गियर म्हणतात. त्या दिवशी नेमकी तीच काही मिनिटं थांबून मग पुन्हा सुरू झाली होती.

रोटर किती वाकलाय हे एक्सेंट्रिसिटी मीटर सांगतं. मोजमाप मायक्रॉनमध्ये. आपला एक केस साधारण सत्तर मायक्रॉनचा, यावरून काय ते समजा. त्या मीटरची सुई लाल पट्ट्यात जाऊन बसली होती. सुई खाली येईपर्यंत परमिसिव्ह, म्हणजे ‘आता वाफ सोडायला हरकत नाही’ असं सांगणारा हिरवा दिवा, लागत नाही.

शिफ्ट इंजिनिअर साहेबांचा फोन आला. “मॅडम, तुमच्या मीटरपायी युनिट अडलंय. मी वरिष्ठांना बारा वाजता युनिट सुरू करायचा शब्द दिलाय.”

“बघते सर.”

मी पाहिलं काय? काहीच नाही. याच मीटरच्या कार्डाने, म्हणजे आतल्या इलेक्ट्रॉनिक पट्टीने, महिन्यापूर्वी एकदा खोटं रीडिंग दिलं होतं. तेवढ्यावर मी निकाल देऊन मोकळी. कार्डावर स्पॅनचा, म्हणजे मोजणीचा आवाका ठरवणारा, एक बारकासा स्क्रू असतो. तो पिळला की सगळं रीडिंग कमी दिसतं. मी पिळला. सुई शहाण्या मुलीसारखी खाली आली, हिरवा दिवा लागला. कंट्रोल रूममध्ये मी अशी शिरले, जणू सत्काराला बोलावलंय.

टर्बाइन डेस्कवर आप्पा होते. सायखेड्याचे, निवृत्तीला आलेले ऑपरेटर. लॉगबुकात रीडिंग लिहिता लिहिता त्यांचा हात थांबला.

“मॅडम, दहाला सुई लालमधी. सव्वादहाला हिरव्यात. लोखंड हाय का रबर?”

“मीटर खराब होतं, आप्पा. मी नीट केलं.”

“बरं. मग हे बी खराब हाय का?”

त्यांनी पेन्सिलीने बॅरिंग मोटरचं अँपिअर मीटर दाखवलं, मोटर किती वीज ओढते ते सांगणारं. सुई वर जायची, खाली यायची. रोटरची एक फेरी, सुईचा एक झोका. मी दहा झोके मोजले. वाकलेली बाजू वर येताना मोटरला जास्त जोर लागत होता. या मीटरला मी हात लावला नव्हता, म्हणून ते खरं बोलत होतं.

साहेब वाफ सोडायचा हुकूम देण्याच्या बेतात होते. आतल्या पात्यांच्या आणि वाफ अडवणाऱ्या सीलच्या फटी केसांनी मोजाव्यात इतक्या बारीक. वाकलेला रोटर वेगाने फिरला असता तर आत घासून त्यांचा चुरा झाला असता.

“सर, थांबा! सुई मी खाली आणली. स्पॅन पिळून.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “बारा वाजताचा शब्द तुम्ही दिलात की मी?”

“तुम्ही, सर.”

“मग आता फोन करून तो मागे घ्यायची लाज मलाच. जा, स्क्रू जागेवर आणा.”

मी स्क्रू मूळ खुणेवर आणला. सुई पुन्हा लाल पट्ट्यात. मग कागद काढून बॅरिंग मोटरचे अँपिअर आणि वाकाची सुई, दर पंधरा मिनिटांनी लिहीत बसले. डबा उघडलाच नाही.

जे पाहिलं ते आजही नातीला सांगताना माझा आवाज खाली येतो. कुणी ठोकलं नाही, दाबलं नाही. रोटर नुसता फिरत होता. दोन्ही बाजूंची उष्णता सारखी होत होती, आणि ते टनावारी लोखंड केसाकेसाने आपलं आपण सरळ होत होतं. बंद पोलादी कवचाच्या आत, कुणाला दिसणार नाही असं. आणि मीटरला जोडलेलं अंगठ्याएवढं एक प्रोब, म्हणजे सेन्सर, त्या दांड्याला स्पर्शही न करता, ते सगळं आम्हाला सांगत होतं. अँपिअरचे झोकेही लहान होत गेले. दोन मीटरं, एकमेकांशी ओळख नसलेली, एकच गोष्ट सांगत होती. देवळात उभं राहावं तशी मी पॅनलसमोर उभी होते.

साडेचारला हिरवा दिवा आपसूक लागला. वाफ सोडली. रोटर वेग घेत तीन हजारांवर गेला, कंपन अगदी नावापुरतं. साहेबांनी माझ्याकडे न बघता लॉगबुकावर सही केली.

तेव्हापासून एक नियम पाळला: मीटरवर संशय आला तर आधी दुसऱ्या मीटरला विचारायचं, स्क्रूला हात नंतर. हा नियम मी पुढे कितीतरी ट्रेनींना इंग्रजीत, तक्ते काढून शिकवला. आप्पांनी मात्र त्या संध्याकाळी बशीत चहा ओतता ओतता एवढंच सांगितलं होतं:

“मॅडम, पोराला ताप आला म्हणून थर्मामीटर झटकायचं आन् पोराला शाळंत धाडायचं, आसं नसतं.”