मावशीच्या नंबरवरची माणसं

माझी मावशी गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीचं टेबल मांडून बसते. तिचा मुलगा कामासाठी परगावी गेला, तेव्हा जाताना तिला फोन देऊन गेला. झालं! गल्लीत काही घरांत फोनच नाही, काहींचा नवऱ्याच्या खिशातून सकाळीच बाहेर पडतो. दिवसभर गल्लीत हजर असलेला फोन मावशीचाच. मग जो तो कुठल्याही कचेरीत गेला की बिनधास्त सांगायचा, "घ्या, इस्त्रीवालीचा नंबर."

फोन टुणकन वाजला की मावशी इस्त्री उभी करून ओरडायची, "ओटीपी आलाय! कोणाचा असेल त्याने धावा!" तोंडाला साबण फासलेला दूधवाला पळत यायचा, कडेवर पोर घेऊन एखादी यायची. कोणाला मूळव्याध झाली, कोणाची पोरगी नापास झाली, सगळं गल्लीभर. भांडणं व्हायची, पण नंबर कोणी बदलला नाही. दुसरा आणणार कुठून?

पुढे मावशीला मोतीबिंदू झाला. उजव्या डोळ्याने दिसेना, डाव्याने सगळं धूसर. एका गिऱ्हाइकाचा पांढरा शर्ट जाळला त्या दिवशी ती रडली. "इस्त्री सुटली तर मी खाऊ काय गं?" म्हणाली. डोळ्यांचं ऑपरेशन फुकट करणाऱ्या दवाखान्यात मी तिला घेऊन गेले. सोबत शेजारची शिंपीणकाकू आली. तिचे यजमान, आमचे शिंपीकाका, उन्हाळ्यात गेले. तेव्हापासून ती मावशीला चिकटूनच असते.

खिडकीतल्या साहेबांनी मावशीचा नंबर संगणकात घातला आणि बराच वेळ वाचत राहिले.

"आजी, गेल्या वर्षी तुम्हाला जुळं झालं."

"अगं बाई!" मावशी म्हणाली.

"मग हर्नियाचं ऑपरेशन. मग दाढी करताना कापलं, त्याचे टाके."

"ते दूधवाल्याचे," मी म्हणाले.

"आणि उन्हाळ्यात तुम्ही वारलात. मयताचं ऑपरेशन आम्ही करत नाही."

माझं डोकंच फिरलं. "अहो, समोर धडधडीत उभी आहे की!"

"असतील उभ्या. पण संगणक माणूस ओळखत नाही, नंबर ओळखतो."

"मग नंबर बदला!"

"त्याला नंबरच्या मालकाची संमती लागते. मयत संमती कशी देणार, ताई?"

कर्म माझं! वर आवाज इतका मऊ, की भांडायचीही सोय नाही.

शिंपीणकाकू पुढे झाली. "साहेब, गेले ते आमचे हे. त्यांच्या मृत्यूची नोंद करताना मीच हा नंबर दिला होता."

साहेबांनी हनुवटी खाजवली. "एक करता येईल. नंबर जिवंत करतो. पण मग तुमचे मिस्टरही जिवंत होतील, आणि तुमची विधवा पेन्शन बंद."

काकूच्या घरात त्या पेन्शनवाचून दुसरं काही येत नाही. हात थरथरतात, सुईत दोरा ओवला जात नाही तिच्याने. मावशीला ते ठाऊक होतं. ती माझा दंड ओढायला लागली. "चल गं घरी. एका डोळ्याने पुष्कळ दिसतं मला."

साफ खोटं! सकाळीच ती विजेच्या खांबाला "सरक की बाबा" म्हणाली होती.

"तू गप बस," काकू तिच्यावर खेकसली. "साहेब, करा जिवंत."

मावशीचा फोन टुणकन वाजला. तिला आकडे दिसेनात. काकूने तिच्या हातातून फोन घेतला आणि एकेक आकडा नीट, मोठ्याने वाचून दाखवला. आकडा एकही चुकला नाही.

"झालं काम," साहेब म्हणाले. "सोमवारी ऑपरेशन. आता दोघंही जिवंत."

मावशी काकूच्या गळ्यात पडली. काकूने तिला थोपटलं, मग खिडकीशी वाकली.

"एवढं केलंत साहेब, तर ते घरी कधी येतात तेही बघा की त्यात."

आणि साहेबांनी खरंच संगणकात बघितलं.