मिस्टरवाल्या मॅडमची हजेरी

कोणालाही नुसत्या नावाने हाक मारणे मॅडमना जमत नसे. ओमानमधील अल खौदच्या बाजारातील आमच्या झेरॉक्सच्या दुकानात त्या प्रथम आल्या, तेव्हा रेसिडेंट कार्डाच्या दोन प्रती मागण्याआधी त्यांनी माझे आडनाव विचारून घेतले. "गुड मॉर्निंग, मिस्टर साळवी," असे म्हणून मगच कार्ड पुढे केले. उंबऱ्यावर अंग पसरून पडलेल्या बोक्यालाही त्या "एक्सक्यूज मी, मिस्टर" म्हणून वाट मागत. आमच्याकडच्या मंडळींनी त्यांचे नाव 'मिस्टरवाली मॅडम' असे ठेवले आणि तेच रूढ झाले.

या दुकानाच्या कोपऱ्यातील टेबलावर मी गेली एकोणीस वर्षे इंग्रजी अर्ज लिहीत आहे. माझे शालेय शिक्षण नववीत थांबले; परंतु अर्जलेखन हे शास्त्र कोणत्याही शाळेत शिकवले जात नाही, हे येथे नमूद करणे आवश्यक वाटते. रजेची विनंती, बदलीची विनंती, अडकलेला पासपोर्ट परत मिळावा म्हणून विनंती, झालेल्या चुकीची कबुली, असे सर्व प्रकार माझ्या हातून झाले आहेत. मॅडम विद्यापीठाजवळच्या एका खाजगी संस्थेत इंग्रजी शिकवत. अमेरिकेच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीय बाई, साठी उलटलेली, पाठ ताठ, आणि शुक्रवारी, म्हणजे येथील सुट्टीच्या दिवशी, गाला भागातील चर्चला जाताना डोक्यावर हॅट. त्यांचे बोलणे इंग्रजीत असे. येथे ते मराठीत देत आहे, भाषांतराची जबाबदारी माझी.

गालाच्या एका गॅरेजात वेल्डिंग करणारा रत्नागिरीकडचा शौकत मुकादम अधूनमधून माझ्याकडे येऊन बसतो. मॅडमनी त्याला पहिल्याच दिवशी "हाऊ आर यू, मिस्टर मुकादम?" असे विचारले. त्या गेल्यावर त्याने स्टूल माझ्याजवळ ओढले. मग म्हणाला, "साळव्या, पंधरा सालांत या मुलखात मना आडनावानं कोनी हाक मारलेली नाय. अर्बाब, आपला मालक, सगल्यांनाच 'रफीक' म्हनतो, फोरमन 'ए' म्हनतो. बाईंना काय काम होतं माझ्याशी?"

"काही नाही."

"मग म्हटलं कशाला?"

पुढच्या खेपेस त्याने हा प्रश्न त्यांनाच हिंदीत विचारला आणि मी तो इंग्रजीत मांडला. मॅडम स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "माझ्या आजोबांना सत्तराव्या वर्षीही गावातले गोरे लोक 'बॉय' म्हणत. नाव माहीत असूनही म्हणत. आमच्या लोकांना इतर कॉलेजांची दारं बंद होती, म्हणून आमच्यासाठी वेगळं कॉलेज निघालं. त्याच्या विटा पहिल्या विद्यार्थ्यांनी स्वतः भाजल्या. काही विटांवर त्यांची बोटं अजून उमटलेली दिसतात. तिथे पहिल्या दिवसापासून सतरा वर्षांच्या पोरालाही प्राध्यापक मिस्टर म्हणत, पोरीला मिस. गेटबाहेर जे मिळणार नव्हतं, त्याची गेटच्या आत सवय लावत. मिस्टर मुकादम, ती सवय लागली की सुटत नाही."

शौकतने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "चहा सांग मॅडमला. माझ्याकडून."

तेव्हापासून कॉलेज हा आमच्या टेबलावरचा कायमचा विषय झाला. नव्या मुलांनी पांढरे कपडे घालून एका विशिष्ट गेटातून आत यायचे, आणि पदवी मिळाली की त्याच गेटातून बाहेर पडायचे. मधल्या चार वर्षांत त्याखालून गेल्यास पदवी मिळत नाही, अशी समजूत. मॅडम चार वर्षे लांबच्या वाटेने फिरल्या, मात्र त्या समजुतीवर आपला विश्वास नसल्याचे सांगत. शुक्रवारी मेसमध्ये तळलेले मासे असत. शौकतने एकदा डब्यातून रवा लावलेली सुरमई आणली. मॅडमनी डोळे मिटून खाल्ली आणि म्हणाल्या, "आमच्या मेसपेक्षा बरी आहे. हे तिकडे कुणाला सांगू नका." मुलेमुली रांगेत उभी राहून टाळ्यांनी आणि पायांनी ताल धरत, वाद्य कोणतेही नसे. तो ताल त्यांनी माझ्या टेबलावर दोन्ही हातांनी वाजवून दाखवला, तेव्हा स्टेपलर खाली पडला आणि बोका दुकान सोडून गेला.

माझ्या अर्जांबाबत त्यांचे एक मत होते, ते मला तेव्हा मान्य नव्हते. 'आपल्या चरणी नम्र निवेदन करण्याची धिटाई करतो की' या अर्थाच्या माझ्या प्रारंभाच्या वाक्याखाली त्यांनी एकदा बोट ठेवले. "मिस्टर साळवी, या माणसाला हवंय काय?"

"बदली."

"मग तेवढं लिहा. काय झालं ते लिहा, आणि थांबा."

मी म्हणालो, "मॅडम, आपण इंग्रजी शिकवता. अर्ज हे वेगळे शास्त्र आहे." यावर त्या हसल्या आणि त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. दुसऱ्याच्या कसबाचा मान राखणे, ही त्यांची दुसरी सवय होती. ती मला महागात पडली, आणि त्यांना अधिक.

त्यांच्या कॉलेजात दर शरद ऋतूत जुने विद्यार्थी परत येतात. बँड वाजतो, मेजवान्या होतात. परंतु शनिवारी सकाळी घंटेखाली एक गंभीर कार्यक्रम होतो. प्रत्येक जुन्या तुकडीची यादी वाचली जाते. हयात असलेला 'हजर' म्हणतो. जो गेला असेल, त्याच्या वतीने ओळखीचे कोणीतरी 'हजर' म्हणते. ज्या नावाला कोणीच उत्तर देत नाही, ते पुढच्या वर्षी वाचत नाहीत. मॅडमची कॉलेजातल्या खोलीतली सोबतीण डेलिया त्या उन्हाळ्यात वारली. तिला मूलबाळ नव्हते. इस्पितळात असताना तिने फोनवर मॅडमकडून वचन घेतले होते: "माझ्या नावाला तू उत्तर दे."

यासाठी त्यांना सत्राच्या मध्यावर आठ दिवसांची रजा हवी होती. त्या स्वतः दोन ओळी लिहू शकल्या असत्या. पण या देशातील कार्यालयांची रीत मला ठाऊक आहे असे मी वारंवार सांगितले होते, म्हणून त्या माझ्याकडे आल्या. सर्व हकीकत सांगितली. मी अर्ज टंकून समोर ठेवला. त्यांनी न वाचता सही केली. "कसबी माणसाच्या खांद्यावरून डोकावणं बरं नाही," असे म्हणाल्या.

मी अर्जात आई अत्यवस्थ असल्याचे लिहिले होते. गल्फमधील रजेच्या अर्जात आईच आजारी असते. एकोणीस वर्षांत मी किती जणांच्या आया आजारी पाडल्या याची गणती नाही. मैत्रिणीच्या नावाला उत्तर देण्यासाठी कोणी रजा देईल, असे मला खरोखर वाटले नाही. लबाडीचा हेतू नव्हता. माझ्या समजुतीप्रमाणे मी त्यांचे काम सोपे करत होतो.

संस्थेच्या कार्यालयाने त्यांची फाइल काढली. तीत आईच्या नावापुढे 'दिवंगत' असे मॅडमच्याच अक्षरात लिहिलेले होते. रजा नाकारली गेली आणि खोटे कारण दिल्याबद्दल लेखी समज मिळाली. ते पत्र घेऊन त्या दुकानात आल्या. स्टुलावर बसल्या.

"मिस्टर साळवी, माझी आई जाऊन बावीस वर्षं झाली. तिला तुम्ही पुन्हा आजारी का पाडलंत?"

"मॅडम, आईशिवाय रजा मिळत नाही."

"आणि मैत्रिणीसाठी?"

"फॉर्मात तो रकाना नाही."

त्यांनी पत्राची घडी घातली. "नसतोच," म्हणाल्या. "म्हणून तर खरं लिहायचं होतं." मी संस्थेत जाऊन चूक कबूल करण्याची तयारी दाखवली. त्या म्हणाल्या, "सही माझी आहे." एवढा राग असूनही मिस्टर सुटले नव्हते, हे मला अधिक लागले.

हजेरीच्या शनिवारी, तिकडची सकाळ म्हणजे इकडची मगरिबची, दिवेलागणीची वेळ, मॅडम पांढरा पोशाख करून दुकानात आल्या. एका वर्गभगिनीने घंटेजवळ उभे राहून फोन उंच धरण्याचे कबूल केले होते. घरी एकटीने ऐकवणार नाही, असे त्या म्हणाल्या. शौकत कामाचे कपडे बदलून आला होता. मी झेरॉक्सचे यंत्र बंद केले. टेबलावरच्या फोनमधून वाऱ्याचा आवाज आणि एकामागून एक नावे येत होती. प्रत्येक नाव मिस्टर किंवा मिस लावून. "मिस डेलिया ग्रीन." मॅडम उभ्या राहिल्या, आम्हीही राहिलो. "हजर," त्या म्हणाल्या. तिकडे क्षणभर कोणी बोलले नाही. फोनवरचे उत्तर चालते की नाही, हे तेथे कोणालाच माहीत नसावे. मग पुढचे नाव वाचले गेले. वर्गभगिनी फोनमध्ये हळूच म्हणाली, "यादीवर खूण केली त्यांनी." मॅडम बसल्या आणि त्यांनी हॅट काढून मांडीवर ठेवली.

वर्षअखेरीस त्यांचा करार पुढे वाढला नाही. वयाचे कारण देण्यात आले. त्या समजपत्राचा त्यात वाटा होता का, हे मी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. निरोपाच्या दिवशी शौकतने तळलेल्या सुरमईचा डबा दिला. मॅडमनी माझ्या टेबलावरचा एक अर्ज उचलून वाचला. तो पाच ओळींचा होता. "मिस्टर साळवी, यात काही खोडण्यासारखं राहिलेलं नाही," म्हणाल्या, आणि टॅक्सीत बसल्या.

हल्ली मी अर्जदाराला आत बोलावतो तो आडनावाने, 'मिस्टर' लावून. सुरुवातीस मंडळी हसत. आता आपले आडनाव यायची वाट पाहत बसतात. कोणाची आई आजारी असल्यास ती खरोखर आजारी आहे काय, हे विचारल्याखेरीज मी लिहीत नाही. त्यामुळे काही गिऱ्हाइके शेजारच्या दुकानात गेली.

गेल्या उन्हाळ्यात तिकडून कॉलेजच्या कार्यालयातील एका बाईंचा फोन आला. मॅडम झोपेत गेल्या होत्या. आपल्या नावाला कोणी उत्तर द्यावे, हे त्यांनी एका फॉर्मवर भरून ठेवले होते. बाईंनी वाचून दाखवले: मिस्टर साळवी, अल खौद, ओमान. नात्याच्या रकान्यात लिहिले होते, 'सहकारी'.

पुढे शरदातील हजेरीच्या शनिवारी मगरिबनंतर मी यंत्र बंद केले. शौकत शेजारी उभा होता. मॅडमविषयी दीड पान इंग्रजी मजकूर मी आठवडाभर खपून तयार केला होता आणि तो माझ्या हातात होता. फोनमधून त्यांचे नाव आले, पुढे 'मिस' लावून. शौकतने मला कोपराने ढोसले. मी कागद टेबलावर पालथा ठेवला.

"हजर," मी म्हणालो.

"थँक यू, मिस्टर साळवी," तिकडून आवाज आला, आणि पुढचे नाव वाचले गेले.